आमच्या घरची लांबलेली दिवाळी

दिवाळी चार दिवसांची असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या वर्षी आमच्याकडे मुक्कामाला यायला हवं होतं. आमची दिवाळी ऑक्टोबरात लागली आणि मार्च उलटला तरी संपायचं नाव घेईना. मी थापा मारतो असं बायको म्हणते. हा निव्वळ आरोप आहे. खरी गोष्टच मी जरा सैल हाताने वाढतो, पंगतीत श्रीखंड वाढावं तशी. एवढ्याने कुणाचं पोट बिघडल्याचं ऐकिवात नाही.

आम्ही राहतो शारजात, रोल्लाच्या मागच्या गल्लीत, सहाव्या मजल्यावर. माझी नोकरी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या खोक्यांच्या कारखान्यात. घरून गुळगुळीत दाढी करून निघालो की ऑफिसात पोचेपर्यंत ती परत वाढलेली असते, असा आमचा ट्रॅफिक. घरी मी, बायको आणि दोन रिकामे पलंग. हे पलंग आम्ही मुलं यायच्या कितीतरी आधी घेऊन ठेवले होते, आणि बायको रोज त्यांच्यावरच्या चादरी बदलायची. झोपलं नव्हतं कुणी, पण चादरी मात्र धुऊन धुऊन मऊ झाल्या होत्या.

मुलं म्हणजे विदर्भातल्या एका संस्थेतली दोन भावंडं. बहीण सात वर्षांची, भाऊ चारचा. आम्हाला दत्तक मिळायची होती. आमची तपासणी झाली होती, दिल्लीची मंजुरी आली होती, आता राहिला होता फक्त जिल्ह्याच्या साहेबांचा आदेश. मग पासपोर्ट, मग व्हिसा, मग विमान. आदेश 'याच आठवड्यात' होता. तो 'याच आठवड्यात' पुढे इतका लांबला, की मला वाटतं सरकारी आठवडा हा रबराचा करत असावेत.

दर रविवारी संस्थेतल्या ताई व्हिडिओ कॉल लावून द्यायच्या. धाकटा पहिल्याच कॉलपासून आमचा झाला. फोनच्या काचेला नाक लावून तो मला त्याच्या नाकाच्या आतली सगळी व्यवस्था दाखवायचा. मोठीचं तसं नव्हतं. ती मागे भिंतीला टेकून, हाताची घडी घालून बसायची. आम्हाला 'आईबाबा' म्हण असं ताईंनी तिला शंभरदा सांगितलं असेल. ती कशानेच हाक मारायची नाही. फार तर 'ओ'.

दिवाळीतला कॉल आला तेव्हा आमच्या बाल्कनीत कंदील झळकत होता. मी स्वतः केलेला. कामट्या इथे मिळत नाहीत, म्हणून कारखान्यातल्या जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या, त्यावर नारिंगी पतंगी कागद, मैद्याची खळ आणि खाली हातभर झिरमिळ्या. आकार असा, की तो टांगल्यावर बाल्कनीत माणसाला उभं राहायला जागा उरली नाही. समोरच्या बिल्डिंगमधली माणसं त्याच्या उजेडात पेपर वाचायची.

"बघा!" मी फोन बाहेर धरला. "कसा आहे?"

धाकटा ओरडला, "लय मोठा!"

मोठी थंडपणे म्हणाली, "मागच्या दिवाळीत पण एक काका-काकू येणार होते आम्हाला न्यायला. त्यांच्या घरी पण कंदील होता."

"मग?"

"मग काही नाही. आलेच नाही."

बायकोचा हात माझ्या हातावर येऊन घट्ट बसला. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी म्हणालो, "हा कंदील तुम्ही दोघं इथे येऊन बघेपर्यंत उतरणारच नाही!"

"दिवाळी संपली की उतरवतात."

"आमच्याकडे दिवाळी संपत नाही."

"खोटं बोलून राहिले तुम्ही," ती म्हणाली आणि उठून गेली.

फोन बंद झाल्यावर बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की मी आपोआप उभा राहिलो.

"आजपर्यंत तू काय काय ठोकून दिलंस ते मी पोटात घातलं," ती म्हणाली. "ही थाप तेवढी खरी करायची. कळलं?"

कळलं.

पुढच्या रविवारपासून मोठीने नियमच केला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिलं वाक्य ठरलेलं: "कंदील दाखवा." दाखवला की मान हलवायची आणि भिंतीला जाऊन टेकायची. बस. सगळी मुलाखत तेवढीच. पण रविवारी ती फोनजवळ यायला लागली होती, आणि ते त्या कंदिलासाठी, हे आम्हा दोघांनाही स्वच्छ दिसत होतं.

आता अडचण अशी, की आमच्या बिल्डिंगमध्ये बाल्कनीत काही लटकवायला बंदी आहे. सणाच्या दिवसांपुरती सूट. आणि ही बंदी राखायला एक सुपरवायझर आहेत, मूळचे हैदराबादचे. त्यांची नजर अशी, की वाळत घातलेला रुमाल ते खालच्या पार्किंगमधून हेरतात. तुळशीचं लग्न झालं आणि तिसऱ्या दिवशी ते दारात.

"क्या साब, दिवाली खलास होके कित्ते दिन हो गए. ये लटकरा सो लटकराच."

"भाईसाब, नॅशनल डे आ रहा है ना!" मी म्हणालो.

"वो तो डिसेंबर में आता."

"तयारी तो अभी से करनी पड़ेगी."

त्यांनी कंदिलाकडे पाहिलं. "ये नारंगी है साब. नॅशनल डे का कलर नई ये."

"कल देखना!"

दुसऱ्या दिवशी मी रोल्लातून इथल्या झेंड्याच्या रंगांचा, म्हणजे लाल, हिरवा, पांढरा, काळा असा कागदांचा गठ्ठा घेऊन आलो. नारिंगी कागद सोलायला नख लावलं, तर बायकोची खळ! तिची खळ म्हणजे सिमेंट आहे. कागद निघेना, पुठ्ठा मात्र निघायला लागला.

"फाडू नकोस," बायको म्हणाली. "तिने पाहिलेला कागद आहे तो. राहू दे. वरूनच चिकटव."

वरून चिकटवला. रविवारी मोठीने पाहिलं आणि तिच्या भुवया जवळ आल्या.

"रंग काऊन बदलला?"

"कपडे बदललेत त्याने. आत तोच आहे."

"उतरवून केला का?"

"टांगलेल्याचेच बदलले. मी स्टुलावर चढलो होतो, हिने माझे पाय धरले होते."

हे खरं होतं. बायको म्हणते, लग्न झाल्यापासून मी उच्चारलेलं ते पहिलं संपूर्ण खरं वाक्य.

सुपरवायझर आले, त्यांनी चारही रंग नीट तपासले आणि नाइलाजाने म्हणाले, "अच्छा है." डिसेंबर उजाडला. सगळ्या शारजाने रोषणाई केली आणि आमचा कंदील दोन-तीन दिवस अगदी कायदेशीर नागरिकासारखा मिरवला.

तिकडे आदेशाचं काय? जिल्ह्याच्या साहेबांची बदली झाली. नवे साहेब सगळं पहिल्यापासून वाचणार होते. अशी बातमी आली की बायको स्वयंपाकघरात जायची. ती चकलीची भाजणी भिजवायची. चिंता झाली की माणसं नखं खातात, ही सोऱ्या काढते. साहेबांची बदली झाली, चकली. साहेब रजेवर गेले, चकली. एका शपथपत्रावर शिक्का उलटा पडला, तेव्हा तर इतकी चकली झाली, की डबे संपून ती फ्रीझरमध्ये गेली, फ्रीझर बंद होईना आणि मी त्याला पाठ लावून टीव्ही बघायचो. सगळ्या मजल्याला आमची चकली रतीबासारखी जात होती. शेजारच्या चेचीचा, म्हणजे कोट्टायमच्या आमच्या शेजारीणताईंचा नवरा मला लिफ्टमध्ये विचारायचा, "भाई, फाइल आगे बढ़ा क्या?" फाइल अडली की त्याची चंगळ, म्हणून तो विचारताना चेहरा पडलेला ठेवायचा, पण डोळे लुकलुकायचे.

नॅशनल डे सरला. सुपरवायझर जिना चढताना दिसले, तशी मी बाल्कनीत पळालो. तेवढ्यात पलीकडच्या बाल्कनीतून चेची ओरडली, "अय्यो! तुमने भी स्टार लगाया!"

त्यांच्याकडे नाताळात दारावर कागदी तारा टांगतात. तिचा तारा केवढा, तर परातीएवढा. माझा कंदील बघून तिला वाटलं, हा शेजाऱ्याने आपल्या सणासाठी केलेला महातारा आहे. "मेरी क्रिसमस, चेची," म्हणालो. संध्याकाळी चेचीनेच सोनेरी कागद आणून दिला. तिसरा थर चढला. सुपरवायझर दारात उभे होते, चेचीने त्यांच्या हातावर केकचा तुकडा ठेवला, तोंड भरलेल्या माणसाला नियम सांगता येत नाहीत.

आणि मग ती गाणारी मंडळी आली. चेचीच्या चर्चची पोरं-थोरं, गिटार, ढोलकी, लाल टोपीचा एक गलेलठ्ठ बाबा. ते निघाले होते चेचीकडे. पण खालून त्यांना सगळ्यात मोठा तारा दिसला आमचा, तेव्हा ते सगळे आमच्या हॉलमध्ये शिरले आणि मल्याळीत गायला लागले. पंचवीस तरी माणसं असतील. मी पन्नास सांगतो. बायको गोंधळली, पण मुळात कोल्हापूरची. घरात माणूस आला की ती आधी खायला देते, मग कोण म्हणून विचारते. फ्रीझर उघडला. त्या रात्रीच्या गाण्यांचा ताल चकल्यांच्या कुरकुरीवर चालला होता. लाल टोपीच्या बाबाने रिकामे पलंग पाहिले, विचारलं, "बच्चे लोग कहाँ हैं?"

"रास्ते में," बायको म्हणाली.

त्याने पिशवीतून दोन चॉकलेटं काढून दोन्ही उशांवर एक-एक ठेवलं. मग त्यांनी पुन्हा एक गाणं म्हटलं, त्या पलंगांसमोर उभं राहून. एक शब्द कळला नाही. बायको मात्र सगळं कळल्यासारखी टाळ्या वाजवत होती आणि ओल्या डोळ्यांनी हसत होती.

जानेवारी हा माझ्या बाजूने लढायला नालायक महिना निघाला. संक्रांतीने दोन-चार दिवस दिले. मग मी सुपरवायझरना हळदीकुंकू हा किती दिवस चालणारा, किती कडक, आणि पुरुष मधे पडल्यास केवढा अपशकुनी सण आहे, याची माहिती दिली. त्यात थोडी भर घातली. ते म्हणाले, "साब, लेडीज का मामला है बोलके छोड़रौं. रथ... क्या बोले वो?"

"रथसप्तमी."

"उसके बाद नक्को. उसके बाद पाँच सौ दिरहम फाइन."

"बारा हजार रुपये!" बायको आतून ओरडली. इथे इतकी वर्षं राहूनही तिच्या डोक्यातला सौदा रुपयातच होतो.

आणि त्याच आठवड्यात वारा सुटला. इथला हिवाळी वारा वाळू घेऊन येतो आणि जाताना मिळेल ते नेतो. त्या दिवशी मी पार्किंगमधून एक अख्खा सोफा उडत जाताना पाहिला. बरं, उशी होती, पण मोठी होती. कंदिलाची दोरी तुटली आणि तो कठड्यावर आदळायच्या आत मी झेलला. रविवार होता. दुसरी दोरी शोधेपर्यंत फोन वाजायला लागला.

"उचल तू!" मी म्हणालो, दोन्ही हात वर करून कंदील हुकाखाली धरला आणि पडद्यामागे उभा राहिलो.

"कंदील दाखवा," फोनमधून आवाज आला.

बायकोने दाखवला. कंदील हलत होता, मी हलत होतो, डोळ्यात वाळू जात होती.

"अरे!" धाकटा किंचाळला. "हात! कंदिलाला हात आला!"

मग मोठीचा आवाज, अगदी जवळून. म्हणजे ती भिंत सोडून पुढे आली होती.

"ओ. हातात धरून राहिले का?"

"हो," मी पडद्यामागून म्हणालो. "दोरी तुटली. म्हणून मीच दोरी झालो. पण खाली ठेवलेला नाही. शपथ."

आणि ती हसली. आधी नाकातून, मग खो खो. मग ताईसुद्धा हसल्या. धाकटा तर आडवा पडला.

"मग धरूनच ठेवा," मोठीने हुकूम सोडला.

त्या दिवशी कॉल संपेना. तिने शाळेतलं सांगितलं, ताईंची नक्कल केली, धाकट्याच्या खोड्या सांगितल्या. मी हात वर करून उभा. दंडात मुंग्या आल्या, मग मुंग्यांना मुंग्या आल्या. मधेच ती विचारायची, "धरला ना?" आणि मी ओरडायचो, "धरला!" फोन ठेवल्यावर माझे हात खाली येईनात. पुढचे दोन दिवस मी ऑफिसात शरण आलेल्या चोरासारखा हिंडलो.

रथसप्तमी झाली. दंडाच्या भीतीने मी रोज ऑफिसला मागच्या जिन्याने जात होतो. आणि एका सकाळी ताईंचा फोन आला: नव्या साहेबांनी सही केली. आदेश निघाला. बायकोने सोऱ्या काढला.

"आता कशाला?" मी म्हणालो.

"आनंदाची वेगळी," ती म्हणाली.

पासपोर्ट, व्हिसा यात आणखी थोडे दिवस गेले, आणि तेवढ्यात रमजान लागला. गल्लीत, दुकानात, मॉलमध्ये जिकडे तिकडे कंदील! अरबांत रमजानचा कंदील असतो, त्याला फानूस म्हणतात. अख्ख्या देशाने माझ्या बाजूने कौल दिल्यासारखं झालं. निळा कागद आणला, रुपेरी चंद्रकोरी कापल्या आणि भारतात जायच्या आदल्या दिवशी चौथा थर चढवला. सुपरवायझर खाली उभे राहून वर बघत होते.

"रमज़ान करीम, भाईसाब!" मी वरून म्हणालो.

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "साब," शेवटी म्हणाले, "रोज़े में हूँ, झूठ नई बोलतौं. मैं बी देखना चाहरौं, ये कित्ते दिन चलता."

मुलांना घेऊन आम्ही परतलो तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. उपास सुटायच्या आधीची वेळ, रस्ते ओस. शारजाचा रस्ता मोकळा दिसणं हा चमत्कार मी त्या दिवशी पाहिला, आणि यात कसलीही भर नाही. धाकटा विमानात खिडकीला नाक लावून आला होता, आता टॅक्सीच्या काचेला लावून बसला होता. मोठी माझ्या बायकोच्या शेजारी, मांडीवर पिशवी घट्ट धरून. पार्किंगमध्ये उतरली आणि मान वर केली. सहाव्या मजल्यावर निळा कंदील पेटला होता, आमची किल्ली चेचीकडे होती. चार थरांतून उजेड जेमतेम बाहेर येत होता.

"हा तो नाही," ती म्हणाली.

"तोच आहे. फक्त—"

"तो आतून नारिंगी होता. मी पाहिला होता."

मला पुढचं वाक्य सापडेना. आयुष्यात पहिल्यांदाच. नॅशनल डे, नाताळ, हळदीकुंकू, सगळी थापांची पोतडी रिकामी झाली होती. बायको म्हणाली, "वर चल. तूच बघ."

वर गेल्यावर मोठीने चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली नाही. बाल्कनीत स्टूल होतंच. ती चढली, बायकोने तिचे पाय धरले. तिने एका कोपऱ्याला नख लावलं. निळा कागद सुटला. खाली सोनेरी. तिने माझ्याकडे पाहिलं. सोनेरी ओढला. खाली हिरवा, थोडा लाल. जीभ दातात धरून ती खरवडत होती. बायकोची खळ एवढ्या नेटाने मी कुणाला हरवताना पाहिलं नव्हतं. आणि मग बोटभर भोकातून नारिंगी उजेड तिच्या नाकावर पडला.

तिने त्या भोकाला एक डोळा लावून आत पाहिलं. मग पिशवी बायकोच्या हातात दिली आणि खाली उतरली.

"भूक लागली," ती म्हणाली.

तेवढ्यात मशिदीतली बांग झाली आणि आतून कुरकुर ऐकू आली. धाकट्याने फ्रीझरचा शोध आमच्या आधीच लावला होता.

त्या संध्याकाळी आमची दिवाळी झाली, रमजानात. चेची केक घेऊन आली, तिचा नवरा चकलीसाठी आला. मुलांनी उशीवरची चॉकलेटं खाल्ली आणि मऊ चादरींवर अशी झोपली, की त्या चादरी परत धुवायचं बायकोच्या जिवावर आलं.

ईदही झाली. कंदील तसाच होता, मोठीच्या नखाने चारी थर उघडे पडलेला, देवीचे वण राहिलेल्या चेहऱ्यासारखा. उतरवू का, विचारलं की ती "नाही" म्हणायची. अजून ती आम्हाला 'ओ'च म्हणत होती. एका दुपारी बेल वाजली. मी दाराच्या भोकातून पाहिलं. सुपरवायझर, आणि हातात दंडाची पावती-वही. माझी पोतडी रिकामीच होती. मी दाराच्या मागे सरकलो आणि मोठीला खुणेने म्हणालो, तू उघड.

तिने उघडलं.

"बेटा, साब कहाँ हैं?"

"बाबा घर में नहीं हैं," मोठी म्हणाली.

मी दाराच्या मागे भिंतीला चिकटलो. स्वयंपाकघरात बायकोच्या हातातला झारा खाली पडल्याचा आवाज आला.

"अच्छा. ये लटका सो क्या है फिर? ईद बी हो गई."

"भाई का बर्थडे है," तिने पापणी न लवता सांगितलं. धाकट्याचा वाढदिवस पावसाळ्यात असतो. "हमारे में बर्थडे एक महीना चलता है. उसके बाद मेरा है."

मग त्यांची नजर दाराखाली गेली असावी.

"बेटा, तुम्हारे बाबा के पाँव तो घर में दिखरे."

"वो पाँव छोड़ के गए हैं," मोठी म्हणाली.

सुपरवायझरची वही मिटल्याचा आवाज आला. "खलास," ते हसत हसत जिना उतरायला लागले. "बाप से तो निपट लेता था मैं."

मोठीने दार लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार? पाय सोडून गेलेला माणूस.